सहाव्या गल्लीचं पाणी

शेजारच्या सुरेखावहिनींनी मोबाइल पालथा घातला. झालं ते एवढंच. मी त्यांचा अनारशांचा डबा परत द्यायला गेले होते. डबा रिकामा द्यायचा नसतो म्हणून मायनं त्यात शेंगदाण्याचे लाडू घातले होते. वहिनी ओट्यापाशी उभ्या राहून मोबाइलवर काहीतरी बघत होत्या. "कोण? रत्ना व्हय? ये, ये," म्हणता म्हणताच त्यांचा हात मोबाइलवर गेला, तो पालथा झाला आणि वरून त्यांनी पदराचं टोक टाकलं. पदर! जसं काही मी नुसत्या नजरेनं त्यातलं सगळं उपसून घेणार होते. हाच मोबाइल त्या माझ्या हातात देऊन खुशाल कणीक मळायच्या. "इंग्रजी एल काढ गं, उघडंल. मला दुसरं ध्यानातच राहत नाही," हे त्यांनीच मला सांगितलेलं. गॅसचा नंबर लावणं, लाइटबिल भरणं, त्यांच्या लेकीच्या, संस्कृतीच्या, लग्नाची पत्रिका गावभर पाठवणं, सगळं मी ह्याच मोबाइलवरून केलेलं. "बस की," वहिनी म्हणाल्या, पण त्यांनी खुर्चीवरचे कपडे काही उचलले नाहीत. मी डबा ठेवला आणि बाहेर आले. पायरीवर चप्पल घालताना अंगठा पट्ट्यात जाईना. राग यायला पाहिजे होता. तो आला नाही, लाज आली, आणि ती कशाची ते काही केल्या उमगेना.

सकाळीच कॉलनीच्या ग्रुपवर एक निरोप फिरला होता. 'आपल्यात हॅकर असू शकतो, मोबाइल कुणाच्या हाती देऊ नये, काळजी घ्यावी.' खाली जोडलेले हात, आणि सोबत ते नेहमीचं चित्र, काळं टोपडं पुढं ओढलेला, तोंडच नसलेला माणूस आणि त्याच्या मागं हिरव्या आकड्यांची झड. गारखेड्यात ऐन मे महिन्यात असलं टोपडं घालून कुणी बसलं तर हॅकिंग राहिलं बाजूला, आधी सलाइन लावावी लागेल. निरोपात नाव कुणाचंच नव्हतं. नाव लागतं कशाला? सहा गल्ल्यांत 'तसलं' काम करणारी मी एकटी. माय लोकांना सांगते, "आमची रत्नमाला कंपन्यांची कुलपं तपासती." इतकं बरोबर मलासुद्धा कधी सांगता आलं नाही. कंपनी लिहून देते, ह्या ह्या दिवसांत आमच्यात घुसून दाखवा. मी घुसते, कुठून घुसले ते सांगते आणि दार लावून बाहेर येते. लिहून दिलेलं नसेल तर दार सताड उघडं असलं तरी उंबरा ओलांडायचा नाही. बाकी सगळं मी कामावर शिकले, हे मात्र आधी मान्य करून मगच कामाला लागले. आणि हे लोकांना सांगता सांगता माझी जीभ झिजली. कुणाच्या लग्नाला जा, बारशाला जा, कुणीतरी दंडाला धरून कोपऱ्यात नेणारच. नवऱ्याचं व्हॉट्सॲप बघता येतं का गं? पोरगी कुणाशी बोलती ते कळंल का? नाही म्हटलं की तोंड वाकडं. "मग एवढं शिकून काय उपेग?" म्हणजे चारचौघांत त्या टोपडेवाल्याला भ्यायचं आणि कोपऱ्यात त्यालाच गाठायचं.

आमच्या भागात दिवस दोनच प्रकारचे, पाण्याचा आणि बिनपाण्याचा. पाणी काही दिवसांआड कॉलनीच्या टाकीत येतं, आणि तिथून पाणी समिती ते गल्लीगल्लीनं सोडते. पहिल्या गल्लीला आधी, आम्ही सहाव्या गल्लीवाले सगळ्यात शेवटी, तोवर धार करंगळीएवढी झालेली असते. आधी हे व्हॉल्व्ह हातानं फिरवायचे. मागच्या वर्षी समितीनं विजेवरचे बसवले, मोबाइलवरून उघडायचे आणि मोबाइलवरूनच बंद करायचे. अक्षय तृतीयेला त्याची पूजा झाली. यंत्राच्या पेटीला हार घातला, नारळ फोडला, गुरुजींनी आकडेमोड करून शुभ पासवर्ड काढून दिला आणि आमचे अध्यक्ष काकासाहेब यांनी तो माइकवरून जाहीर केला. खोटं नाही सांगत, माइकवरून! 'तुळजाभवानी' आणि पुढं एक-दोन-तीन. लोकांनी टाळ्या वाजवल्या, 'उदे गं अंबे' झालं, पेढे वाटले. त्यानंतर पोरं लपाछपी खेळताना शंभरापर्यंत मोजायच्या ऐवजी हेच म्हणायला लागली. मी मायजवळ बसले होते आणि हसू आवरत नव्हतं, म्हणून तिनं मला चिमटा काढला होता.

धोंड्याचा महिना लागला त्याच्या सुरुवातीलाच मी काकासाहेबांकडं गेले होते. माणूस दिलाचा मोकळा. कन्नड तालुक्यात शेती, इथं दोन मजली घर, आल्यागेल्याला चहा पाजल्याशिवाय सोडायचे नाहीत. बाबा गेले तेव्हा गल्लीतून पहिला खांदा द्यायला हेच आले होते, हे मी विसरलेले नाही. मी म्हटलं, "काकासाहेब, तेवढा पासवर्ड बदलून टाका. कुणीही व्हॉल्व्ह उघडंल." ते हसले. "कोण उघडतंय पोरी? समदी आपलीच माणसं हायेत." मी म्हटलं, आपलीच आहेत म्हणून तर सगळ्यांना ठाऊक आहे. तेव्हा ते जरा गंभीर झाले. "हे बघ, तुझं म्हणणं मी काटत नाय. पण मुहूर्तावर ठेवलेला हाय तो. आता धोंडा लागलाय, धोंड्यात नवं काय धरायचं नसतं. महिना सरू दे, बदलू." मी म्हटलं, "पासवर्डला कसला आलाय धोंडा?" ते म्हणाले, "तुला त्यातलं कळतं, मला ह्यातलं कळतं. चहा घे." मी चहा घेतला. काय करणार? शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात, पण शहाणा त्या दिवशी कोण होता, हे कुणी ठरवायचं? घरी येऊन मी लॅपटॉप उघडला. यंत्राचं ते पान समोर होतं, नावाची चौकट, पासवर्डची चौकट. आत जायचं, पासवर्ड बदलायचा आणि काकासाहेबांना नवा कळवायचा, चहा निवायच्या आत होणारं काम. मी पान बंद केलं. मला कुणी लिहून दिलं नव्हतं.

आणि मग त्या मंगळवारी दुपारी, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, सहाव्या गल्लीला पाणी आलं. साधं नाही, फुल प्रेशरनं. बायका जेवणं टाकून उठल्या, हंडे, पिंपं, बादल्या, पोरांच्या आंघोळीचे टब, जे हाताला लागेल ते भरलं. मी तेव्हा चिकलठाण्याला ऑफिसात होते. संध्याकाळी आले तेव्हा गल्ली ओली होती, आणि ओल्या सिमेंटचा तो थंड वास आला, तेव्हा मलाही बरंच वाटलं, हे कबूल करते. व्हॉल्व्ह बंद झालाच नाही. टाकी तळाला गेली. वरच्या पाच गल्ल्यांना थेंब नाही, आणि पुढचं पाणी कधी ते कुणाला ठाऊक नाही. दुसऱ्या दिवशी टँकर मागवला. नानासाहेबांच्या बायको, दुसऱ्या गल्लीतल्या, भरलेली कळशी घेऊन जिना चढताना घसरल्या आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. पुन्हा धड चालतील का नाही, ते डॉक्टर सांगत नाहीत. मला तेव्हापासून ते बंद केलेलं पान दिसतं. उंबऱ्याबाहेर उभं राहून मी माझे हात स्वच्छ ठेवले, आणि त्या बाईचं हाड मोडलं. नियम खरा का खुबा खरा? ऑफिसात हे विचारलं तर नियम म्हणतील. गल्लीत विचारलं तर... गल्ली विचारूच देत नाही, गल्लीनं केव्हाच ठरवलंय. सगळ्यांच्या आधी 'उघडं आहे' म्हणून कोण बोंबललं? रत्नमाला. पाणी कुणाच्या गल्लीत आलं? रत्नमालाच्या. संपला हिशेब.

बाबांचं नाव कडुबा. ते वाळूजला एका कारखान्यात होते. शिफ्ट सुटली की फाटकावर झडती व्हायची. एकदा कंपनीचा कसलासा वाढदिवस होता म्हणून मला सोबत नेलं होतं. परत निघताना फाटकावर बाबांनी दोन्ही हात वर केले, आणि एक वॉचमन त्यांच्या काखेतून, कमरेवरून, पोटऱ्यांवरून हात फिरवायला लागला. मी दुसरीत नाहीतर तिसरीत असेन. माझ्या हातात कंपनीनं दिलेला फुगा होता, तो मी मागं लपवला. बसमध्ये बसल्यावर विचारलं, "बाबा, तुम्ही काय चोरलं?" "काय नाय." "मग हात वर कशाला केले?" ते म्हणाले, "चोरलं नाय म्हणून तर सहज वर जातात." मला ते तेव्हा पटलं. पुढं कळलं की आधी एवढी झडती नसायची. मागच्या भिंतीला भगदाड पडलंय, तिथून माल जातो, हे बाबांनीच साहेबाला सांगितलं होतं. भिंत बुजवली, आणि त्या दिवसापासून बाबांची झडती जास्त वेळ व्हायला लागली. ज्याला भगदाड दिसलं, तो त्यातून गेला असणारच. बाबांनी हे घरी कधी रागानं सांगितलं नाही. मायनं मात्र सांगितलं, कित्येकदा, भाकऱ्या थापता थापता, आणि प्रत्येक वेळी तिचा हात जोरात पडायचा.

त्याच दिवशी दुपारी माय दवाखान्यात गेली होती, नानासाहेबांच्या बायकोला बघायला, पेजेचा डबा घेऊन. मी रजा टाकली होती, कारण संध्याकाळी समितीची बैठक होती आणि सहाव्या गल्लीनं 'घरटी' यायचं असा हुकूम होता. मागच्या दारातून वहिनी आल्या. त्या कधी मागच्या दारानं येत नाहीत. आल्या आणि खाली फरशीवरच बसल्या, भिंतीला टेकून. "रत्ना, पाणी मी सोडलं," त्या म्हणाल्या. मला आधी कळलंच नाही. मी म्हटलं, कुठलं पाणी? "ते. मंगळवारचं." मग त्या सांगत गेल्या, अडखळत, मधेच पदर तोंडात धरत. संस्कृतीचा पहिला धोंडा. जावई येणार, सोबत विहीण, व्याही, त्यांच्या दोन भावजया. धोंडे करायचे, वाण द्यायचं, जावयाचे पाय धुवायचे, आणि पिंपात पाणी नाही. "विहीण मागं एकदा बोलली होती, तुमच्या शहरात प्यायला तरी मिळतं का म्हणून. हिच्या लग्नाच्या वेळेलाच माझी मान खाली गेली होती गं. म्हटलं दोन हंडे भरून घेते अन् बंद करते. पासवर्ड तर पोरासोरांना पाठ. व्हॉल्व्ह उघडला, पाणी आलं, अन् लाइट गेली. मोबाइलवर दाबते दाबते, बंदच होईना. तेवढ्यात पाहुणे दारात." त्यांनी जावयाचे पाय धुतले. पुरणाचे धोंडे वाढले. टाकी वाहत होती. विहीण म्हणाली, पाणी बरं आहे हो तुमच्याकडं.

मी विचारलं, "मग आज माझ्यापुढं मोबाइल झाकला तो?" "त्यात ते दिसतंय की गं, पान उघडल्याचं. मिटवता येईना मला. तुझी नजर पडंल म्हणून भ्याले." म्हणजे माझी लाज फुकटच गेली होती. मी हात पुढं केला, त्यांनी मोबाइल दिला, आणि मी तो परत त्यांच्याकडं सरकवला. मिटवून देणं म्हणजे काय, हे मला नीट ठाऊक आहे. वहिनी रडायला लागल्या. मग म्हणाल्या, आणि हे त्या इतक्या सहज म्हणाल्या की पापड वाळत घालायला गच्ची मागत असाव्यात असं वाटलं, "रत्ना, तू म्हण ना तू केलंस म्हणून. तुला कोण काय बोलणार आहे? तू शिकलेली, तुझं कामच हे. लोक म्हणतील चुकून झालं मशीन तपासताना. असंही तुझंच नाव घ्यायलेत सगळे. माझं नाव आलं तर माझी पोरगी तिथं जगायची नाय. चोरीच्या पाण्यानं आमच्या पोराचे पाय धुतले म्हणतील. अन् ह्यांचं तर तुला माहीतय." हे म्हणजे गोकुळभाऊ. हात उचलणारे नाहीत ते, पण अबोला धरला की महिना महिना घरात भांड्याचा आवाज तेवढा. मी म्हटलं, "वहिनी, काकूंचं हाड मोडलंय." त्या म्हणाल्या, "मला झोप येते का?" आणि त्यांच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसली. मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. माझं नाव म्हणजे दाराबाहेरचं पायपुसणं झालं होतं, कुणीही पाय पुसावेत, आणि ह्या बाईनं निदान विचारून तरी पुसले. हे मला तेव्हा सुचलं आणि मी स्वतःशीच चरफडले, कारण मला तिची दया येत होती आणि ती यायला नको होती. मायच्या चपला वाजल्या तशा वहिनी मागच्या दारानं गेल्या. माय आली, पेजेचा डबा तसाच भरलेला परत घेऊन. डबा ओट्यावर ठेवला आणि हातपाय धुवायला गेली.

बैठक मारुतीच्या मंदिरापुढच्या मंडपात होती. काकासाहेब मधे, शेजारी नानासाहेब, दोन रात्री दवाखान्यात काढलेले, दाढी वाढलेली. बायका एका बाजूला. माय माझ्या शेजारी बसली, पदर डोक्यावरून घेऊन. वहिनी खांबापाशी. काकासाहेब म्हणाले, पोलिसात जायचं नाही, घरातलं घरात मिटवू, ज्यानं केलं त्यानं सांगावं, आपण काही फासावर देत नाही. मी उभी राहिले. म्हटलं, "पासवर्ड किती जणांना ठाऊक आहे, ते आधी विचारा." नानासाहेब म्हणाले, "ते कशाला?" तर मंडपाच्या कडेला खेळणारी पोरं एका सुरात ओरडली, "तुळजाभवानी एक-दोन-तीन!" लोक हसले. मी म्हटलं, "झालं, ह्यांतलं कुणीही असू शकतं. आता व्हॉल्व्हच्या कंपनीला विचारा, आत कोण गेलं त्याची नोंद राहते." काकासाहेबांनी तिथंच फोन लावला आणि स्पीकर चालू केला. पलीकडचा पोरगा म्हणाला, "सर, नोंद आहे ना. मंगळवारी दुपारी 'अध्यक्ष' ह्या नावानं व्हॉल्व्ह उघडलाय." सगळ्यांसाठी एकच नाव ठेवलं होतं, ते हे. आता मात्र हसण्याचा लोट उठला. कुणीतरी मागून म्हणालं, "काय अध्यक्ष, रातची उतरली नव्हती व्हय?" काकासाहेबांचा चेहरा लाल झाला, मग काळा पडला. त्या माणसाचं माझ्यामुळं सगळ्यांपुढं हसं झालं होतं, आणि नानासाहेब एकटे हसत नव्हते. ते म्हणाले, "तुमचं चालू द्या. माझी बायको तिकडं पडलीय."

हसू एकदम बसलं. काकासाहेब उठून घरी गेले आणि हातात पितळेचं ताट घेऊन परत आले. ताटात हळदीचा भंडारा, वर बेलाची पानं. "मोबाइल खोटं बोलतो," ते म्हणाले. "हे खोटं बोलू देत नाय. आमच्या गावाला असंच मिटतं. ज्यानं केलं नाय त्यानं बेलभंडार उचलायचा आन् म्हणायचं, मी नाय. सहाव्या गल्लीपासून सुरू करू. घरटी एक." ताट आधी आमच्यापाशीच आलं, कारण शेवटून पहिलं घर आमचं. आमच्यानंतर वहिनींचं. मी वहिनींकडं बघितलं. त्यांनी खांब दोन्ही हातांनी धरला होता. ती बाई बेलभंडार उचलून खोटं बोलणार नाही. ती चतुर्थीला चंद्र दिसल्याशिवाय पाणी पीत नाही. मी उचलला की ताट तिच्यापुढं जाणार, आणि ती तिथंच कोसळणार, सगळ्यांसमोर, आणि उद्या ते तिच्या विहिणीच्या कानावर. मला उचलायला काय? मी केलेलं नाही, हळद तर हळद, हात सहज वर जातील. पण मी लहान असताना बाबांनी मला लेण्यांच्या पायथ्याशी नेलं होतं, विजयादशमीला, पांढरी साडी नेसलेल्या बायकांच्या गर्दीत, आणि बावीस प्रतिज्ञा म्हणताना माझा हात धरून म्हणाले होते, ह्या आपण आपल्या खुशीनं घेतल्यात, कुणी लावल्या नाहीत, म्हणून त्या मोडायला कुणी अडवतही नाही. त्यामुळंच त्या मोडायच्या नसतात. माझ्या सगळ्या आयुष्यात दोनच ठिकाणी मला कुणी अडवणारं नव्हतं, एक ह्या प्रतिज्ञांपाशी आणि एक त्या लॅपटॉपवरच्या चौकटीपाशी. हे मला तिथं, ताट समोर असताना, अगदी स्वच्छ दिसलं. उचलणार नाही म्हटलं तर सगळे समजायचं ते समजणार. उचलला तर वहिनी जाणार. माझा हात मांडीवर होता. तो उठला का नाही, मला आठवत नाही.

माय उठली. गुडघ्यावर हात देऊन, हळूहळू. "ती नाय उचलणार," माय म्हणाली. "आम्ही बुद्धाची माणसं. आमच्यात बेलभंडार नसतो. मी बी नाय उचलणार." काकासाहेब गडबडले. खरंच त्यांच्या लक्षात नव्हतं, मला दिसलं ते. "मनकर्णाबाई, तसं नाय... आता त्याचं एवढं काय? हळदच हाय." मायनं डोक्यावरचा पदर सारखा केला. "मग आम्ही समजायचं काय?" ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात जवळजवळ विनवणी होती. "समजा काय समजायचं ते," माय म्हणाली. नानासाहेब उठले आणि खांद्यावरचा टॉवेल झटकला. "समजलं," ते म्हणाले, आणि चालू पडले. त्यानंतर ताट कुणापुढंच गेलं नाही. गरजच उरली नव्हती. लोक चपला शोधायला लागले. काकासाहेबांनी भंडाऱ्यावर झाकण घातलं आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "पासवर्ड बदलतो उद्याच. धोंडा असला तरी." वहिनी खांबाशी तशाच बसून होत्या, आणि कुणीतरी त्यांना विचारत होतं, वहिनी, चक्कर आली का?

घरी येताना मी मायचा हात धरला. तिला ते आवडत नाही, पण तिनं सोडवला नाही. मला माझ्या मायचा इतका अभिमान कधी वाटला नव्हता. अंगठेबहाद्दर बाई, आणि भर मंडपात ताठ उभी राहिली. लोक आता काय म्हणतील ते म्हणोत. उद्या ह्यातलीच चार जणं मला कोपऱ्यात घेऊन विचारतील, नवऱ्याचं व्हॉट्सॲप उघडून देतेस का म्हणून, आणि मी घरात शिरले की मोबाइल पालथा घालतील. घालोत. जिनं मला जन्म दिला ती माझ्या बाजूनं आहे, एवढं मला पुरत होतं. मायनं भाकरी, पिठलं वाढलं. मी म्हटलं, "माय, तू उठलीस ते लई बरं केलंस."

"उठू नको तर काय करू?" माय म्हणाली. ती पातेल्यात बघत होती. "तू हात पुढं केला होतास. खोटी शपथ वाहिली असतीस."

मी हातातला घास खाली ठेवला. "खोटी?"

"मला काय कळत नाय का, रत्ना? मीच बोलून गेले होते सोमवारी. गुडघा धरून बसले होते अन् म्हणले, एवढी शिकली पोरगी, पर आपल्या गल्लीला दोन हंडे पाणी आणता येईना. म्हणले अन् दुसऱ्या दिवशी पाणी आलं. मी खुशीत भरलं गं सगळं. गोधड्या धुतल्या. मला काय ठाऊक, तिकडं ती बाई पडंल म्हणून." तिनं डोळ्यांना पदर लावला. मी तिचं ते सोमवारचं बोलणं ऐकलंसुद्धा नव्हतं, मी तेव्हा फोनवर होते. वहिनींचं नाव माझ्या ओठांवर आलं. भिंतीपलीकडं त्यांच्या घरात टीव्ही चालू होता, गोकुळभाऊ जेवायला बसले असावेत. नाव सांगितलं असतं तर मायनं विश्वास ठेवला असता का? आणि ठेवला असता तर उद्या सकाळी तिला वहिनींच्या तोंडाकडं बघता आलं असतं का?

"माय, मी नाही सोडलं पाणी," मी म्हटलं. दुसरं माझ्याकडं काही नव्हतं.

"बरं," माय म्हणाली. "नाय तर नाय." तिनं माझ्या ताटात अर्धी भाकरी आणखी टाकली आणि वर तेल घातलं, मी परीक्षेहून यायचे तेव्हा घालायची तसं. "तू काय तिला पाडायला गेली होतीस का? माझ्या गुडघ्यापायी केलंस, मला समजतं. जेव आता." मी भाकरी मोडली, आणि माय माझ्याकडं कौतुकानं बघत राहिली.